घरच्या तंबाखूचं पान धुरावर पिकवताना: विदर्भातल्या वावरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात तंबाखू हे मोठं पीक नाही. कपाशी, तूर, सोयाबीन, धान सांभाळून विहिरीजवळ किंवा घरामागच्या परसात दहा-वीस झाडं लावायची, आणि तीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, एवढाच तिचा पसारा. पान उन्हात वाळवायचं ही इथली जुनी रीत. धुरावर पान पिकवायची पद्धत बाहेरची आहे, आणि तिच्याबद्दलची बहुतेक माहिती दमट हवेच्या मुलखात तयार झालेली आहे. ती जशीच्या तशी इथं वापरली की पान बिघडतं. म्हणून खालची उत्तरं आपल्याकडची जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी हवा धरून लिहिली आहेत.

धुरावर पिकवणं म्हणजे नेमकं काय?

तंबाखूचं पान तयार करायच्या मुख्य पद्धती चार. पहिली उन्हात वाळवायची. दुसरी सावलीत, वाऱ्यावर. तिसरी बंद खोलीत नळांतून गरम हवा फिरवायची. आंध्र आणि कर्नाटकातली सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू अशी तयार होते, तिथं धूर पानाला लागतच नाही. चौथी ही आपल्या विषयाची: टांगलेल्या पानांखाली लाकूड धुमसत ठेवायचं आणि तो धूर पानात मुरू द्यायचा.

अमेरिकेत केंटकी आणि टेनेसी ही या पद्धतीची मोठी ठिकाणं. तिथं ओक आणि हिकरीचं लाकूड वापरतात, वर लाकडाचा भुसा टाकतात. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे श्रीलंकेतलं जाफना, तिथं नारळाच्या सोडणांचा धूर देतात.

पान उन्हात वाळवून घेतलं आणि मग धूर दिला तर?

धुराचा वास लागेल, पण पान पिकणार नाही. या सगळ्या कामात समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तोडलेलं पान लगेच मरत नाही. पुढचे काही दिवस त्याच्या पेशी जिवंत असतात आणि साठवलेलं अन्न खात असतात. त्या काळात हिरवा रंग मोडतो, स्टार्चची साखर होते, ती साखरही हळूहळू खर्ची पडते आणि पान पिवळं पडतं. पुढे पेशी मरतात, आतली द्रव्यं हवेशी मिळतात आणि रंग तपकिरी होतो. हे सगळं होण्यासाठी पानात पाणी टिकून राहावं लागतं. पाणी आधीच उडालं तर पेशी हिरव्या असतानाच मरतात आणि तो हिरवा रंग कायमचा बसतो. त्या पानाला कितीही धूर द्या, ते कडवट, गवतासारखं लागणार.

केंटकीतल्या शेतकऱ्याला भीती असते ती ओल्या हवेत पान कुजण्याची. आपली अडचण बरोबर उलट आहे. जानेवारीच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की झोडपा वारा लागला तर पान दोन-तीन दिवसांत हिरवंच कडक होतं. त्यामुळे आपलं निम्मं कसब ओल धरून ठेवण्यात आहे. धूर त्यानंतर.

रोप कधी लावायचं आणि पान कधी तोडायचं?

रोपं ऑगस्टमध्ये गादीवाफ्यावर, लागवड सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. फुलाचा तुरा दिसू लागला की शेंडा खुडायचा. नंतर बगलेतून फुटवे येतात, तेही दर आठवड्याला काढत राहायचे. असं केल्यानं झाडाचा जोर पानात उतरतो. धुरावर पिकवायला जाड, भरलेलंच पान लागतं, पातळ पान धुराखाली कागदासारखं होतं.

शेंडा खुडल्यावर साधारण पाच-सहा आठवड्यांनी पान तयार होतं. रंग हिरव्याचा फिका पिवळसर होतो, अंगावर डाग दिसू लागतात, हाताला चिकट लागतं आणि दुमडलं की कुरकुरून मोडतं. खालची पानं आधी तयार होतात. थोडीच झाडं असतील तर खालून वर पानं तोडत जाणं सोयीचं. पूर्ण झाडच कापून उलटं टांगलं तरी चालतं, आणि कोरड्या हवेत त्याचा एक फायदा आहे: खोडातलं पाणी पानाला पुरत राहतं, त्यामुळे पान सावकाश पिवळं होतं. जागा असेल तर मी खोडासकट टांगायलाच सांगेन.

पानं तोडली की मळमळतं, डोकं गरगरतं. हे कशामुळे?

निकोटीनमुळे. ते दवात आणि घामात विरघळतं आणि कातडीतून अंगात जातं. तंबाखू न खाणाऱ्यालाही होतं, किंबहुना त्याला जास्त. दव पडलेलं असताना पान तोडू नका. ऊन चढून पान कोरडं झालं की रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून तोडा, भारा उघड्या खांद्यावर घेऊ नका, काम झालं की साबणानं अंग धुवा आणि कपडे बदला. उलट्या थांबत नसतील किंवा श्वासाला त्रास होत असेल तर दवाखान्यात न्या आणि तंबाखूच्या पानाचं काम केलं होतं हे डॉक्टरांना सांगा.

लेकरांना आणि गरोदर बाईला या कामाला लावू नका. झाडं दहाच असली तरी नाही.

स्मोकर (पानांना धूर द्यायची कोठी) घरच्या घरी कसा बांधायचा?

आग आणि पान एकाच पेटीत ठेवू नका, एवढं एक पाळलं तर बाकी सगळं जमवता येतं.

पानांसाठी साधारण ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ६ फूट उंच अशी कोठी पुरते. विटा आणि मातीचा गिलावा सगळ्यात उत्तम. पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा कुड करून त्याला दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा जाड लेप दिला तरी चांगली कोठी होते. आपल्याकडे हे काम येणारी माणसं गावोगावी आहेत. मातीच्या भिंतीचा मोठा गुण म्हणजे ती ओल धरते आणि दुपार-रात्रीचा फरक कमी करते. पत्र्याची कोठी दुपारी तापते आणि रात्री गार पडते, आतल्या बाजूला पाणी सुटून पानावर ठिबकतं.

चूल कोठीपासून ६ ते ८ फुटांवर, जमिनीत खड्डा करून. खड्ड्यापासून कोठीच्या तळापर्यंत वीतभर रुंद चर खणायचा, वर जुनी कवेलू किंवा फरशीचे तुकडे ठेवायचे आणि मातीनं बुजवायचा. कोठीकडे चर थोडा चढता ठेवला की धूर आपोआप ओढला जातो. चरातून येईपर्यंत धूर निवतो आणि ठिणग्या मातीतच विझतात. कोठीच्या माथ्यावर वीतभर लांबी-रुंदीचं भोक आणि त्यावर सरकवता येईल असं झाकण हवं. धूर, उष्णता आणि ओल या तिन्हींवर ताबा ठेवायचा तो या झाकणानंच.

आत बांबूच्या काठ्या आडव्या. पानं देठाजवळ सुतळीत ओवायची, दोन पानांत बोटभर अंतर, पाठीला पाठ आणि पोटाला पोट अशी जोडी लावली तर एकमेकांत गुंडाळत नाहीत. नायलॉनची दोरी नको. पानांच्या उंचीवर एक साधा थर्मामीटर टांगा. हातानं अंदाज घेऊन हे काम होत नाही.

कोठी घरापासून, गोठ्यापासून, कुटाराच्या ढिगापासून आणि गंजीपासून लांब असावी. फेब्रुवारीत सगळं वाळलेलं असतं. पाण्याची टाकी किंवा भरलेली दोन-तीन टिपाडं जवळ असल्याशिवाय चूल पेटवू नका.

जुन्या टिपाडात करता येईल का?

थोड्या पानांसाठी येतं, पण त्यातही चूल बाहेरच ठेवून धूर नळानं आत घ्या. टिपाडात पूर्वी काय होतं हे नक्की माहीत हवं. कीटकनाशकाचं, रंगाचं, रसायनाचं किंवा काळ्या तेलाचं टिपाड कितीही घासलं तरी वापरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर गेले. तीच औषधं ज्या भांड्यात होती ते भांडं तापवून त्यातला वास पानात मुरवायचा नाही.

लाकूड कोणतं?

बाभूळ सगळ्यात चांगली. धुऱ्यावर म्हणजे बांधावर असते, जड असते, निखारा धरते आणि धूर उग्र नसतो. बोर आणि चिंचेच्या फांद्याही चालतात, आंब्याचं लाकूड जरा सौम्य धूर देतं. लाकूड निदान एक पावसाळा खाल्लेलं, पण अगदी ठणठणीत नसलेलं घ्या. निखारे झाले की वर त्याच लाकडाचा ओलसर भुसा टाकायचा, म्हणजे ज्वाळा न होता धुमसतं. आरा मशीनवरून भुसा आणत असाल तर त्यात प्लायवुडचा किंवा चिडाच्या लाकडाचा भुसा मिसळलेला नाही ना, हे बघून घ्या. चिडाच्या लाकडात राळ असते, तिची काजळी पानावर बसते.

कडुनिंब नको, धूर कडू येतो. पऱ्हाटी भसकन जळते आणि तिच्यावर हंगामभराच्या फवारण्या बसलेल्या असतात, म्हणून नको. तुराट्या फक्त पेटवण्यापुरत्या. गोवरी छान धुमसते, पण तिचा वास पानातून जात नाही. कण्हेर, रुई आणि घाणेरी ही विषारी झाडं आहेत, त्यांची एक काडीही चुलीत जाऊ देऊ नका.

आणि लाकडासाठी जंगलात शिरू नका. साग, मोह, खैर यांसारखी झाडं स्वतःच्या वावरात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. एवढ्याशा पानाला धुऱ्यावरच्या बाभळीच्या वाळल्या फांद्या पुरून उरतात.

धूर किती दिवस द्यायचा? उष्णता किती ठेवायची?

पहिले चार ते आठ दिवस चूल पेटवायचीच नाही. पानं कोठीत टांगा, दार लावा, वरचं भोक जवळपास बंद ठेवा. तळाला ओलं बारदान पसरा आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडा, पण पानावर नाही. पान मलूल होऊन पिवळं पडायला लागतं. रात्री फार गारठा असेल, आणि आपल्याकडे जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येतोच, तर मूठभर निखाऱ्यांची ऊब द्या. या टप्प्यात आतलं तापमान ३८ अंशांच्या वर जाता कामा नये.

पान जवळजवळ सगळं पिवळं झालं आणि कडेनं तपकिरी दिसू लागलं की धूर सुरू. तापमान हळूहळू ४० ते ४६ अंशांपर्यंत न्यायचं आणि पूर्ण तपकिरी रंग येईपर्यंत तिथंच ठेवायचं. इथं घाई करून आच वाढवली तर पिवळा रंग तसाच बसतो किंवा पान निळसर काळं पडतं. रंग बसला की वरचं भोक उघडायचं, बारदान काढून घ्यायचं आणि पातं व मधली शीर वाळेपर्यंत तापमान ५० ते ५४ अंशांपर्यंत चढवायचं. त्याच्या वर नको.

शेवटचा टप्पा मुरवणीचा. आता उष्णता कमी, ४५ अंशांच्या आसपास किंवा खालीच, आणि धूर दाट. दिवसा धूर द्यायचा, रात्री चूल विझू द्यायची. रात्रीच्या गारव्यानं पान थोडं सादळतं, सकाळी पुन्हा धुरानं वाळतं. या सादळण्या-वाळण्यातच धूर पानात खोल उतरतो. रात्रंदिवस सलग धूर देण्यापेक्षा हे बरं, आणि रात्री जागायचीही गरज उरत नाही. छोट्या कोठीत सगळं मिळून तीन ते चार आठवडे लागतात. केंटकीतल्या मोठ्या कोठारांत दोन महिन्यांच्या वरही जातात.

कोठीत शिरायच्या आधी दार उघडून धूर पूर्ण जाऊ द्या. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. पान बघायला डोकं आत घालणं हीच या कामातली सगळ्यात मोठी जोखीम आहे.

पान हिरवंच वाळलं. काही करता येईल?

देठाजवळची शीर अजून ओली असेल आणि पात्यावर हिरव्या डागांच्या जोडीला पिवळेपणा असेल, तर ओल्या बारदानात गुंडाळून दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवून बघा, थोडंफार फिरतं. पूर्ण कडक हिरवं झालेलं पान परत येत नाही. ते बाजूला काढा, चांगल्या पानांत मिसळू नका.

बुरशी आली तर?

बुरशी आलेली पानं टाकून द्या, झटकून वापरू नका. बहुतेक वेळा ती जाड शिरेवर, पानं दाटीनं टांगल्यामुळे येते. काठ्या विरळ करा आणि भोक थोडं उघडा.

पान तयार झालं हे कसं ओळखायचं?

मधली शीर देठापर्यंत वाळलेली हवी. वाकवली की काडीसारखी तुटली पाहिजे. पातं गडद तपकिरी, थोडी चकाकी, हाताला किंचित तेलकट. दहा किलो ओल्या पानाचं तयार पान दीड किलोच्या आतच भरतं, तेव्हा वजन बघून निराश होऊ नका.

काठीवरून काढताना पानाचा चुरा होतो.

दुपारी काढता म्हणून. वाळलेलं पान आपल्या हवेत पापडासारखं असतं. पहाटे कोठीचं दार उघडं ठेवा, दवाच्या हवेनं पान सादळून मऊ होतं. सूर्य वर यायच्या आत काढून जुड्या बांधा. मार्चनंतर पहाटेही ओल नसते. तेव्हा जमिनीवर ओलं बारदान टाकून कोठी रात्रभर बंद ठेवायची.

पावसाळ्यात साठवण कशी करायची?

जुड्या बांधून, कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात. जून ते सप्टेंबर तो डबा उगाच उघडू नका. पान हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आठवड्यात पांढरं पडतं. डब्यात ठेवताना पान मऊ पण कोरडं असावं: मुठीत दाबलं तर मोडू नये, सोडलं की उलगडावं.

पानात टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर तो तंबाखूचा भुंगा. पान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलं की अंडी-अळ्या मरतात. धान्यात ठेवायच्या गोळ्या तंबाखूत कधीही टाकू नका.

धूर दिल्यानं तंबाखू शुद्ध होते, कमी घातक होते, असं म्हणतात. खरं का?

नाही. उलट आहे. धुरातले नायट्रोजनचे वायू पानातल्या निकोटीनसारख्या द्रव्यांशी मिळून नायट्रोसामाइन तयार करतात, आणि त्यातली काही कर्करोग घडवणारी आहेत. लाकडाच्या धुरातलं बेन्झोपायरीनही पानावर बसतं. म्हणजे साध्या उन्हात वाळवलेल्या पानापेक्षा धुराचं पान या बाबतीत वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं चघळायच्या तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, मग ती विकतची असो की घरची.

हे मी इथं मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘घरचं आहे, औषध मारलेलं नाही’ असं म्हणत घरच्या पानाचा खर्रा घोटताना लोक दिसतात. खर्ऱ्यात तंबाखूसोबत सुपारी आणि चुना असतो. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते आणि काही वर्षांत तोंड उघडेनासं होतं. आपल्या भागात विशी-पंचविशीतली पोरं अशी झालेली दिसतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट सोसत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याकडे लगेच दाखवा. लवकर सापडलं तर उपचार होतो. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ अभियान याच कामासाठी गावोगावी पोचलं आहे.

ज्यांच्या घरी तंबाखू नाही, त्यांनी हौस म्हणून सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या झाडं आहेत, त्यांनी काम तरी नीट, आगीपासून आणि विषापासून जपून करावं.

हे पान विकता येईल का?

त्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही बंदीत येतात. २००३ च्या केंद्रीय कायद्यानं १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री चालत नाही. व्हर्जिनिया जातीची लागवड करायची तर तंबाखू मंडळाकडे नोंदणी लागते.

उरलेली देठं, खोडं पाण्यात भिजवून मिरचीवर फवारली तर?

निकोटीन किडीला मारतं हे खरं, पण ते माणसाला आणि मधमाशीलाही मारतं, आणि घरच्या काढ्यात ते किती उतरलं हे मोजता येत नाही. मिरचीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या, धूर दिलेल्या पानातही टिकून राहतो आणि मिरची, टोमॅटो, वांगी यांना हातानं लागतो. भिवापूर-उमरेडकडे मिरचीची रोपं टाकणाऱ्यांनी तर तंबाखू मळलेल्या हातानं वाफ्यात शिरूच नये. आधी साबणानं हात धुवावेत. खोडं जनावरांच्या गव्हाणीत टाकू नका, शेळ्यांपासूनही लांब ठेवा.

पुढच्या वर्षाचं बी कसं धरायचं?

चांगल्या, निरोगी दोन झाडांचा शेंडा खुडू नका. फुलं उमलायच्या आधी तुऱ्यावर मलमलची पिशवी बांधा. तंबाखूचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पिशवीनं बाहेरची भेसळ टळते. बोंडं तपकिरी झाली की तुरा कापून कागदावर उलटा वाळवा आणि बी काचेच्या कोरड्या बाटलीत भरा. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया असतात, त्यामुळे परसातल्या झाडांना चिमूटभर बी पुष्कळ झालं. पेरताना ते चाळलेल्या वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यावर विखरा आणि वरून माती लोटू नका, या बियांना उगवायला उजेड लागतो.